सोमीच्या अंगठ्यावरचं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली त्यालाही आता सहा वर्षं होतील. मुलाला नाही. बाईंना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

कोसबाडची टेकडी ओलांडून तलासरीच्या बाजूला निघालात की रस्त्यापासून आत, एका पाड्यावर बाईंचं घर लागतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे लांब ओटा. बाई शहरातून इथे आल्या आणि इथेच राहिल्या, शेवटपर्यंत. या भागातल्या बायकांसाठी त्यांनी काय केलं ते घराबाहेरच्या फलकावर लिहिलेलं आहे. त्या गेल्यावर एका संस्थेने घर होतं तसं जपलं. खाट तशीच, कंदील तसाच, चष्मासुद्धा. जमीन अजून शेणाने सारवतात, फक्त चपला घालून तिच्यावर पाय ठेवू देत नाहीत.

आठवड्यातून तीन दिवस मी मसोलीहून तिथे जातो आणि आलेल्यांना घर दाखवतो. त्या वेळचा आता मी एकटाच उरलोय. शर्टाला बिल्ला असतो — ‘बाईंचे सहकारी’. लोक माझ्या पाया पडतात. मी पडू देतो.

आतल्या खोलीत काचेखाली एक कागद आहे. कार्बनची प्रत, जांभळी, कडा खाल्लेल्या. खाली अंगठा. त्यातलं एक वाक्य संस्थेने मोठं करून भिंतीवर रंगवून घेतलंय — ‘मी या जमिनीवर राबते.’ मुली त्याच्याखाली उभ्या राहून फोटो काढतात. कापडी पिशव्यांवरही ते छापलंय. साधं, सरळ, कष्टकरी बाईचं वाक्य. नाही का?

ते वाक्य अंगठा देणाऱ्या सोमीचं नाही. माझं आहे.

थांबा, नीट सांगतो. बाईंचं सगळं काम एका नियमावर उभं होतं. त्या म्हणायच्या, इथल्या बाईच्या वतीने नवरा बोलतो, मालक बोलतो, पोलीस बोलतो; ती स्वतः काय म्हणते हे कुठल्याच कागदावर नाही. म्हणून ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकीचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहायचं, लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं, तिने मान हलवली की अंगठा. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो. आमची वाडी किनाऱ्याकडची आणि आत थोडी भातशेती. लहानपणापासून गड्यांमध्ये वाढल्यामुळे मला वारली बोली कळायची, अक्षरही बरं होतं. म्हणून बाईंचा लेखनिक मी. बायका मला भाऊ म्हणायच्या.

सोमीचा नवरा आमचीच भातशेती करायचा. तो तापाने गेला. पुढच्या वर्षी वडील म्हणू लागले की हे लोक आमच्याकडे मजुरीला होते, कूळ कसले? सोमी बाईंकडे जाणार अशी बातमी आमच्या घरी आली. वडिलांनी मला काही सांगितलं नाही. धमकी नाही, गळ नाही. जेवताना फक्त एवढंच म्हणाले, “तिथे अक्षर तुझंच असतं ना?” आणि भाकरी मोडली.

एवढंच. यापेक्षा जास्त मला लागलंच नाही, हे लिहायलाही लाज वाटते.

सोमी आली त्या दिवशी बाई सभेसाठी तलासरीला गेल्या होत्या. ती ओट्यावर उकिडवी बसली आणि न अडखळता सगळं बोलली. नांगर आमचा. बैल आमचे. बी आमचं. अर्धं भात मालकाच्या खळ्यावर पोचवतो. नवरा होता तेव्हा तो कसायचा, आता मी कसते. कूळ ठरायला याहून वेगळं काय लागतं? मी लिहीत होतो. नांगर लिहिला नाही, बैल लिहिले नाहीत, बी लिहिलं नाही. ‘मी कसते’ याच्या जागी लिहिलं — ‘मी या जमिनीवर राबते.’

मग वाचून दाखवायची वेळ आली. नियमच होता तो.

इथे माझा हात अजून थांबतो. लिहिताना खोटं लिहिलं, ते एक. पण मी कागद समोर धरला आणि तिला तिचंच सगळं वाचून दाखवलं — नांगर आमचा, बैल आमचे, बी आमचं, आता मी कसते. जे त्यावर नव्हतं ते. बोट ओळीवरून फिरवत. तिने प्रत्येक वाक्याला मान हलवली. मध्ये एकदा हसली, म्हणाली, “भाऊ, माझं बोलणं तू वाचतोस तर किती बेस वाटतं.” आणि अंगठा दिला. दोन्ही प्रतींवर.

मूळ कागद मीच डहाणूला कचेरीत दिला. काही महिन्यांनी निकाल लागला — अर्जदार बाई स्वतःच मजुरीचं सांगते, कूळ असल्याचा पुरावा नाही. बाईंनी तेव्हा प्रत काढून वाचली. मला विचारलं, “अरे, सोमी असंच म्हणाली?”

“असंच म्हणाली.”

“वाचून दाखवलंस?”

“दाखवलं.”

त्यांनी सोमीला बोलावून घेतलं, मी समोर असताना. विचारलं, असं का सांगितलंस? सोमीने आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, “मी बोलली ती बोलली, बाई. कागदाला काय कान हायत?” आणि उठून गेली. पुन्हा त्या ओट्यावर आली नाही. तिच्या पाड्यावरच्या इतर बायकाही हळूहळू यायच्या थांबल्या. बाईंना शेवटपर्यंत वाटत राहिलं की सोमी ऐन वेळी घाबरली, आपणच तिला पुरेसा धीर दिला नाही. आजारपणात त्यांनी हे मला दोनदा बोलून दाखवलं. मी त्यांचे पाय चेपत राहिलो.

माझं वय तेव्हा लहान होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण गेल्या हिवाळ्यात मी किती वर्षांचा होतो? अठ्ठ्याहत्तर.

बचत गटाच्या बायका घर बघायला आल्या होत्या. भिंतीपाशी एक जण दुसरीला म्हणाली, “वनिता, तुझी आजी गं ही. बघ, भिंतीवर लागली.”

“आजी भिंतीवर,” ती म्हणाली, “आन् मी चिकूच्या झाडावर.” सगळ्या हसल्या.

मग तिने मला विचारलं, “सर, तुम्ही होता ना तेव्हा? आजी सांगायची, जमीन आमची होती. आम्ही करायचो. खरं का ते?”

खोलीत दहा-बारा जणी होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणालो, “म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात, बाळ.”

ती शांतपणे म्हणाली, “सांगायची तेव्हा ती म्हातारी नव्हती, सर.”

मी पुढच्या खोलीत गेलो आणि कंदिलाची माहिती सांगू लागलो.

आता जे आहे ते लिहून ठेवतो. याची एक प्रत वनिताकडे जाईल, एक संस्थेकडे. भिंतीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. त्या निकालानंतर वडिलांनी तिथलं भात मोडून चिकूची कलमं लावली. वाटणीत तो तुकडा माझ्याकडे आला, पुढे मी तो मुलाच्या नावावर केला. वनिता रोजावर चिकू तोडायला येते ती तिथेच. तिला ते माहीत नाही. पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला बैलगाडीची जुनी वाट, उत्तरेला आमचीच बागायत, दक्षिणेला तिचा पाडा. ही जमीन सोमीच्या नवऱ्याने कसली, आणि तो गेल्यावर सोमीने.