पाच फूट तीन इंचांची बकुळ

काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणाऱ्या डॉ. शरदिनीताई भूल देतात. तीस वर्षांत त्यांनी निम्मी काशी कमरेखाली बधिर केली. कमरेच्या वरचं लोकांचं लोक बघतात, असं त्या म्हणतात.

त्यांच्या पर्समध्ये शिंप्याची टेप असते. सिझेरियनच्या आधी त्या बाईची पाठ मानेपासून माकडहाडापर्यंत मोजतात, मग पोटाचा घेर. एका आजींनी हे पाहून ब्लाउज कधी मिळेल, असंही विचारलं होतं. टेपेचं कारण साधं आहे. मराठी घरांत मुलीची उंची एकदाच ठरते, स्थळांना पाठवायच्या कागदावर. पुढे आयुष्यभर तीच सांगितली जाते.

मागच्या महिन्यात बकुळ सिझेरियनसाठी आली. पलंगावर बसली होती, पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते.

"लंबाई पाँच-तीन, मॅडम," नर्सनं फॉर्म वाचला.

"कुणी सांगितली?"

"मी," ग्वाल्हेरहून आलेल्या बकुळच्या आई म्हणाल्या. "लग्नाच्या कागदावरही तीच होती." शेजारी बकुळच्या सासूबाई जप करत होत्या. माळ क्षणभर थांबली आणि पुढे सरकली.

ऑपरेशन थिएटरचं दार लागताच बकुळ कुजबुजली, "ताई, खरी चार-दहा आहे. बाहेर बोलू नका हं. आईचं नाक कापलं जाईल."

"नाक राहू दे. पाच-तीनचं औषध तुझ्या एवढ्याशा पाठीत घातलं, तर छातीच्याही वर चढेल. रक्तदाब पडेल, श्वास जड होईल. शिवाय पोट हे एवढं. ते दाबून औषधाला आणखी वर ढकलणार."

"मग हो?"

"मग काय! तुझ्या आईच्या पाच इंचांचं औषध बाटलीतच राहील."

टेप लागली. वाकवलेल्या पाठीत सुई गेली. थोड्या वेळानं, भूल कुठवर चढली ते बघायला, शरदिनीताईंनी स्पिरिटचा बोळा पोटावरून वर वर फिरवला.

"गार लागतंय?"

"नाही."

"इथे, खांद्याजवळ?"

"लागतंय."

"श्वास?"

"माझा येतोय. आईनं मात्र बाहेर धरून ठेवला असेल."

अर्ध्या तासानं तान्ह्या मुलीनं टाहो फोडला. टाके घालून झाल्यावर बातमी द्यायला शरदिनीताई बाहेर आल्या. सासूबाईंनी माळ कपाळाला लावली.

"दोघी बऱ्या आहेत ना? आणि नात किती लांब?"

"एकोणपन्नास सेंटिमीटर."

"तुम्ही मोजलीत, की विहीणबाईंनी सांगितली?"

बकुळच्या आईंचा चेहरा पडला.

"लग्नात अंतरपाटाआड एकावर एक दोन पाट ठेवून पोरीला उभी केली होतीत," सासूबाई म्हणाल्या. "मला काय दिसत नव्हतं?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमच्या जावयाच्या, आमच्या शार्दूलच्या कागदावर पाच-आठ होतं. कोणत्या तोंडानं बोलणार?"



"डॉक्टर," बकुळच्या आई शरदिनीताईंकडे वळून म्हणाल्या, "फाइलवर चार-दहा ठळक लिहा. दुसऱ्या खेपेला मी इथे असेन-नसेन."