आजीचं गोंदण

आजीच्या तेराव्याला ठेवायला तिचा फोटो मोठा करायला टाकला होता. आणायला गेलो, तर चौकटीतून कोणी भलतीच गुळगुळीत बाई माझ्याकडे बघत होती. सुरकुत्या गायब, हनुवटीवरचं गोंदणही गायब.

"डाग काढून टाकले, काका," फोटोवाला कौतुकाने म्हणाला.

डाग? एवढं लांबलचक आयुष्य ह्याने एका दुपारी पुसून टाकलं होतं! अरे, कपाळावरच्या निम्म्या आठ्या तर एकट्या माझ्या प्रतापांनी पडलेल्या. आणि त्या हिरव्या ठिपक्यांवर बोट फिरवतच आम्ही नातवंडं तिच्या मांडीवर झोपायचो.

"होतं तसं सगळं परत आण," मी जवळजवळ ओरडलोच.

"वय दिसेल हो," माझ्या रंगवलेल्या केसांकडे बघत तो म्हणाला.

"दिसू दे! म्हातारं दिसायची लाज मला वाटते. तिला कधीच वाटली नाही."