मामांचे कान

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की वटवाघळाला पक्षी म्हणणाऱ्या माणसाच्या घरी माझ्या बायकोचे मामा पाण्याचा घोटही घेत नाहीत. अख्ख्या बेंगळुरूत लोक नाती लावतात पत्रिकेवरून, आडनावावरून, फार तर पगारावरून. हाडांवरून लावणारा हा एकच महापुरुष. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, म्हणजे कॉलेज सुटलं. शास्त्र घरच्यांवर आलं. मी नागपूरहून नोकरीला आलो आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेल्या या मराठी घराचा जावई झालो. पहिल्याच जेवणात मामांनी माझ्या ताटातून कोंबडीचा तुकडा उचलला. "जावईबापू, स्वल्प थांबा. छातीवरचं हे बेचक्यासारखं हाड बघा. डायनोसॉरलाही असंच होतं. त्याच्या भाचवंडाला खाताय तुम्ही." मग तुकडा परत ठेवून कन्नडातल्या ‘ठीक आहे’ने परवानगी दिली, "सरी, आता खा." आता काय खाणार, कपाळ!

मामांचा सिद्धांत असा, की दिसण्यावर जाऊ नये. शार्क आणि देवमासा सारखे दिसतात, कारण दोघांनाही पोहायचंय. धंदा एक म्हणून गणवेश एक. पण देवमाशाच्या अंगात, आत खोलवर, मागच्या पायांच्या हाडांचे अवशेष अजून आहेत. "उपयोगाची वस्तू कुणीही कमावतो," मामा म्हणतात, "बिनकामाची मात्र वारशानेच मिळते." पुरावा म्हणून ते दूधवाल्यासमोर, वॉचमनसमोर, अगदी शेजारच्या घरी सांत्वनाला गेले तरी, स्वतःचे दोन्ही कान हलवून दाखवतात. "सशाला हे लागतं, मांजराला लागतं. आपल्याला? काडीचा उपयोग नाही! म्हणजे नातं पक्कं."

मामांच्या मुलीचं, रेवतीचं, मन महादेवपुऱ्यात नोकरी करणाऱ्या एका पुणेरी मुलावर बसलं होतं. त्याच्या आईचं मात्र ठरत नव्हतं. त्या जेवायला आल्या, त्या दिवशी मामींनी ताटात हाड नको म्हणून सगळा बेत शाकाहारी केला. रेवतीने बजावलं, "अप्पा, आज माकडं नाहीत, मासे नाहीत. कान तर अजिबात नाहीत." मामा म्हणाले, "सरी." आणि चक्क ताकापर्यंत गप्प राहिले.

तेव्हा त्या बाई हळूच म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुमच्याकडे निम्मं बोलणं कन्नड. दिसायला सगळं इकडचंच. आमच्यात हिचं कसं जमायचं?"

रेवतीचा घास हातातच राहिला.

"देवमासाही दिसायला मासाच असतो, वहिनी," मामा म्हणाले. रेवतीने डोळे मिटले. मग पायांची हाडं आली, ससा आला, मांजर आलं, आणि शेवटी, आधी डावा आणि मग उजवा, मामांचे कान हलले. मामींचा ताकाचा ओगराळा अधांतरी थांबला.

आता रेवती सर्जापूर रोडला नांदते. एकाच गावात, पण ट्रॅफिकमुळे परदेशात दिल्यासारखी. जेवताना मामा तिच्या खुर्चीकडे बघून सवयीने कान हलवतात. "करमत नाही का?" विचारलं तर म्हणतात, "स्वल्प." मग मीच त्यांना त्या दुपारची आठवण करून देतो: त्या करारी बाईंचा लालबुंद चेहरा, त्यांच्या कानांतल्या मोत्यांच्या कुड्या आपोआप वर-खाली होऊ लागलेल्या, आणि त्यांच्या तोंडून निसटलेलं ते वाक्य:

"अगं बाई, माझेपण हलतात! सासरी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं हो मी!"