म्हणणाऱ्यानं दाखवावं

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या पानठेल्यावर देवाचा विषय निघाला, की शेजारचे काका सुपारी गालात सरकवून एकच म्हणायचे, “जो म्हनते ‘हाये’, त्यानं दाखवावं.” भलेभले विषय बदलायचे. मीही.

मे महिन्याच्या एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. काकू जाऊन वर्ष झालं होतं. काका घामानं निथळत होते आणि कूलर मात्र काकूंच्या रिकाम्या खाटेकडे वळवलेला.

“काका, कूलर तिकडं कावून?”

“तिले लय उकडते.”

“तिथं कोनीच नाही, काका.”

त्यांनी सुपारी गालात सरकवली. “तू म्हनतं नं ‘नाही’? मंग तूच दाखव.”

चादरीच्या कडा फडफडत होत्या, मधला भाग दबलेला होता. मी हात खाटेपर्यंत नेला. टेकवला नाही.