आमचं आयरिश आडनाव

आमचं आडनाव ऐकलं की शारजातली मराठी माणसं क्षणभर गोंधळायची. आडनावावरून गाव काढायचं आणि गावावरून जात, ही आपली जुनी खोड. वाळवंटात येऊनही ती सुटत नाही. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती, आणि आडनाव अस्सल आयरिश. बाबा सगळ्यांना ठासून सांगत की त्यांचे आजोबा गोऱ्या साहेबाचा मुलगा. मी सावळी, बाबा माझ्याहून सावळे. तरी कुणी उलटून विचारत नसे.

नव्वदचं दशक संपता संपता माझं लग्न ठरत आलं. मुलगा आमच्याच चर्चमधला, दुबईत नोकरीला. त्याच्या आईला साहेबाची गोष्ट भलतीच आवडली. नातवंडं घाऱ्या डोळ्यांची होणार, असं त्या चर्चच्या आवारात चारचौघींना सांगत सुटल्या. मुलगा मला मनापासून आवडला होता, म्हणून मी दातओठ खात ऐकून घेई.

बाबा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजचे मॅनेजर होते. तिथे एक म्हातारा आयरिश इंजिनिअर आपली खटारा जीप घेऊन येई. बाबांचं आडनाव कळल्यावर तो उडालाच. या नावाची मोजकी घरं फक्त त्याच्या आईच्या गावात होती. त्याने गावाकडे नव्वदी गाठलेल्या आईला फोन केला. त्याच्या पुढच्या खेपेला मी मुद्दाम गॅरेजवर गेले. त्याने सांगितलं, की त्या घरातला एक पाद्री हिंदुस्थानात गेला होता. दुष्काळात आईबाप गेलेली मुलं त्याने सांभाळली, आणि ज्यांना मागचं काहीच सांगता येईना त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी स्वतःचं आडनाव दिलं.

मी नगरला आत्याला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, हो, आमचे आजोबा पाद्रीबाबांच्या बोर्डिंगातच वाढले. तुझ्या बाबाला ठाऊक आहे.

बाबांनी नाकारलं नाही. "लग्न होईपर्यंत गप्प बस," ते म्हणाले. "साहेबाचं रक्त म्हटलं की जात विचारायची कुणाची हिंमत होत नाही. खलास."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. एका भल्या पाद्र्याला आम्ही बाहेरख्याली ठरवलं होतं, आणि दुष्काळातून वाचलेल्या पोराला घरातून पुसून टाकलं होतं.

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर आवारात, त्याच चारचौघींसमोर, मी सगळं सांगितलं. मुलाच्या आईचा चेहरा पडला. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मग तुम्ही मूळचे कोण?"

"उपाशी मरता मरता वाचलेल्या पोराची मी पणती. जात त्याला आठवत नव्हती, आणि मी शोधणार नाही."

मग त्यांनी तोडगा काढला, की लग्नानंतर आडनाव बदलेलच, तेव्हा विषय संपला.

"आडनाव बदलणार नाही," मी म्हटलं. "लग्न मोडायचं तर आत्ताच मोडा."

बाबा मान खाली घालून उभे होते. मुलगा मात्र आईला म्हणाला, "मम्मी, मला चालेल. यल्ला, चल, गाडीत बस."

लग्न झालं. माझ्या पासपोर्टवर तेच आडनाव राहिलं. मुलगी झाली, माझ्यासारखी सावळी, काळ्याभोर डोळ्यांची. तिला गोष्ट कळण्याइतकी समज येताच मी तिच्या खापरपणजोबांची गोष्ट सांगितली, दुष्काळापासून बाप्तिस्म्यापर्यंत, सासूबाईंना समोर बसवून.