आतल्या थरातले सुभेदार

हातात आलेली चिंधी हौसाक्का आधी गालाला लावून बघायच्या. कडेगावात माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. दर बाजाराच्या दिवशी त्या यायच्या, मशीनखालचं पोतं जमिनीवर ओतायच्या आणि एकेक तुकडा गालाला लावून निवडायच्या. कोऱ्या कापडाचा तुकडा परत टाकायच्या. "नव्या कापडाला लय राग असतोय गं. सुईला आत घेत न्हाई." मग गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले जुने ब्लाउज मी त्यांच्यासाठी बाजूला ठेवू लागले. पोतं रिकामं व्हायचं, माझी सोय होती. इतकंच.

एकदा चिंध्या द्यायला त्यांच्या घरी गेले, तर त्या पुढच्या सोप्यात वाकळ अंथरून बसल्या होत्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाकून शिवलेली वाकळ आमच्याकडे घरोघरी असते. पण हिच्या मधल्या थरावर तुकडे जोडून चित्र केलं होतं. एक माणूस पाटावर बसून काळा बूट पुसतोय आणि मागून एक काळी बकरी त्याच्या खिशात तोंड घालतेय.

"हे कोण?"

"आमचं सुभेदार. बूट पुसाय बसलं की जेवायची शुद्ध नसायची."

सुभेदार म्हणजे त्यांचे यजमान. पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि दोन वर्षांत गेले. माझ्यादेखत आक्कांनी त्या चित्रावर हिरवं लुगडं पसरलं आणि कडेने धावदोरा घालायला सुरुवात केली.

"आवं, झाकता कशाला?"

"मग उघड्यावर ठिवू? गारठतील की."

स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, वरचं लुगडं आठ-दहा वर्षांत विरतं. तेव्हा कुणीतरी त्यावर नवं घालायला बसेल, तिला आतलं दिसेल.

"आणि तिनं न बघता वाकळच टाकून दिली तर?"

"दिऊ दे. मला करताना दिसलं न्हवं? सुई घिऊन बसलं की सुभेदार म्होरं येत्यात. ते सांगत्यात तसा तुकडा लावती मी."

मला हे पटलं नाही. एवढं काम करायचं आणि कुणाला दाखवायचं नाही, हा मला अडाणीपणा वाटला. पुढच्या वाकळेचं चित्र झाकायच्या आधी मी त्याचा फोटो काढला. आक्का म्हणाल्या, "घे की, माझं काय जातंय." माझ्या ब्लाउजांचे फोटो मी फोनवरून टाकते, तिथेच तो टाकला. त्यात तीच काळी बकरी विहिरीच्या कठड्यावर उभी होती. ब्लाउज बघायला येतात त्याच्या कितीतरी पट माणसं बकरी बघून गेली. पुण्याहून एक बाई गाडी घेऊन आल्या. त्यांना वाकळा विकत पाहिजे होत्या, पण चित्र वरच्या बाजूला पाहिजे होतं, आणि बकरीच पाहिजे होती. आक्का नको म्हणत होत्या. मीच त्यांना तयार केलं. "करा की आक्का. चार लोक बघतील, नाव होईल."

त्यांनी केल्या. बाजाराला आल्या की चिंध्यांच्या आधी, फोटोखाली लोकांनी दिलेले लाल बदाम बघायला, फोन मागू लागल्या. "बकरीला किती बदाम आलं बघ गं." एका वाकळेवर त्यांनी बोरं वेचणारी म्हातारी केली, तिला फारसे बदाम आले नाहीत. त्या दिवशी त्यांनी फोन लगेच परत दिला. पुढच्या वेळी पुन्हा बकरी. तुकडे गालाला लावणं बंद झालं. फोटोत उठून दिसतात म्हणून कोरे, भडक तुकडे त्या उचलू लागल्या. हे सगळं मला दिसत होतं, आणि मला ती प्रगती वाटत होती.

मग एका बाजाराला त्या पोतं न ओतताच समोरच्या स्टुलावर बसल्या.

"शोभा, मला आता नुसती बकरीच दिसतीया. सुभेदारास्नी आठवाय बसलं तरी तीच. त्येंचं तोंड कसं हुतं गं?"

मी सुभेदारांना दोन-तीनदाच पाहिलेलं. "घरात फोटो आहे की त्यांचा," मी म्हटलं.

"फोटूत समद्या पलटणीचं एकच तोंड हाय."

फोनवर टाकलेले वाकळांचे फोटो मी त्याच दिवशी काढून टाकले. मला काढता येण्यासारखं तेवढंच होतं. पुण्याच्या बाईंना आक्कांनी नाही म्हणून कळवलं. त्यानंतर कितीतरी महिने त्या बाजाराला यायच्या, तुकडे गालाला लावायच्या आणि बरेचदा रिकाम्या हाताने परत जायच्या.

दिवाळी झाल्यावर त्यांनी एक वाकळ माझ्या मांडीवर ठेवली. वर साधं तपकिरी लुगडं, चित्र नाही. "थंडीत घे," म्हणाल्या. घरी नेऊन मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि कपाटात ठेवली. चांगली वस्तू मी अशीच ठेवते.

त्या उन्हाळ्यात त्यांना सांगलीला दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा आवाज जेमतेम उरला होता. वाकून विचारलं, "आक्का, दिसले का सुभेदार?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "पांघरतीस न्हवं?"

"रोज," मी म्हटलं.

"मग दिसंल तुला."

आठ दिवसांनी त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर मी वाकळ कपाटातून काढली. कात्री दिवसभर माझ्या हातातच असते, पण उसवली नाही. तेव्हापासून रोज पांघरते. उन्हाळ्यातही पायावर घेते, स्वतः धुते. यंदाचा हा चौथा हिवाळा. पायाकडचं लुगडं विरलंय आणि टाक्यांच्या मधून एक काळा तुकडा दिसायला लागलाय. बूट असेल. बकरीचा खूरही असेल. मी नख लावलेलं नाही.