बायको पळू लागली तेव्हा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बायकोला शुगर निघाली आणि डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं. ती पन्नाशीला टेकलेली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. पण चालता चालता गंगापूर रोडला पळणाऱ्यांच्या एका घोळक्यात ती कधी सामील झाली, मला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती थेट सोमेश्वरपर्यंत पळून येत होती आणि घरात शिरताना गाणं गुणगुणत होती. माझ्यासोबत कुठूनही परतताना ती कधी गुणगुणली नव्हती.

घोळक्याचा मला राग नव्हता. राग होता एकाच माणसाचा. निफाडकडचा, लष्करातून निवृत्त झालेला गडी. केस पांढरे, पोट मात्र सपाट. चहा ओतता ओतता ती सांगायची, "ते म्हणतात, चढावर पावलं छोटी टाकायची." "ते म्हणतात, पळताना खांदे सैल हवेत." मी मान डोलवायचो आणि मनात त्या खांद्यांचा उद्धार करायचो. रविवारी तर कहरच. लांबचं पळणं झालं की सगळी मंडळी मिसळ खायला बसत. माझे पोहे घरी झाकून ठेवलेले असत, गार झालेले. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही.

मग मीही बूट आणले. संध्याकाळी ऑफिसातून आलो की भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडायचो आणि मैदानाला फेऱ्या मारायचो. सुरुवातीला कुत्री मागे लागायची, पोटात कळ यायची. पण मला एकच हवं होतं. तिच्या बाजूला त्या माणसाऐवजी मी असायला हवा होतो.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी तिच्याबरोबर निघालो. घोळक्याने हसून स्वागत केलं. लष्करवाला म्हणाला, "या साहेब! पण दमानं घ्या, लय लांब जायचंय." झालं, माझं डोकं सटकलं. पहिल्या पावलापासून मी सुसाट सुटलो.

लग्न झाल्यापासून आमची चालायची एक रीत ठरलेली होती. पंचवटीत भाजीला जावं, कुणाच्या लग्नाला जावं, मी पुढे आणि ती पिशवी घेऊन चार पावलं मागे. आमच्याकडे सगळे असेच चालतात. ती मागे आहे हे मी कधी बघितलं नाही, ती असायचीच. त्या सकाळीही मी तसाच पुढे पळत राहिलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, हवा गार होती. ती मागून माझा वेग बघत असेल, या कल्पनेनेच पाय हलत होते.

छातीचा भाता झाला तेव्हा थांबलो, वळलो. रस्ता रिकामा होता.

घोळका केव्हाच पाटाच्या रस्त्याला वळला होता. मी धापा टाकत, लंगडत मिसळीच्या दुकानाशी पोचलो, तर सगळ्यांचं खाऊन झालेलं. ती लष्करवाल्याशेजारी बसून ताक पीत होती.

"हाक तरी मारायचीस!" मी म्हणालो.

"मारली ना. चांगली दोनदा मारली," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही मागे वळून बघता कुठे?"

आवाजात भांडण नव्हतं. असतं तर मी भांडलो असतो. तिने माझ्यासाठी एक मिसळ सांगितली आणि ती मी मान खाली घालून खाल्ली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम मागे राहिलो. तिची पाठ मी पहिल्यांदाच एवढा वेळ बघत होतो. वेणी डावी-उजवी हलत होती. शेजारी तो होता, पावलाला पाऊल मिळवून. ती एकदा तरी वळून बघेल म्हणून मी वाट बघत होतो. आनंदवल्ली गाव मागे पडलं, तरी ती वळली नाही. तिला नुसती पाठ दाखवत मी उभा जन्म चाललो होतो, आणि मला अर्धा तास सोसवेना.

शेवटी मीच ओरडलो, "अगं, थांब जरा!"

पहिल्याच हाकेला ती थांबली, वळली, हसली.

तोही थांबला.